राग आलाय की भीती वाटतेय? २२ अक्षरांत शोधायची एक पद्धत

"काय झालंय तुला?" असं कोणी विचारलं की आपली उत्तरं ठरलेली असतात. काही नाही, टेन्शन आहे, मूड नाहीये, डोकं फिरलंय. यातलं एकही उत्तर खोटं नसतं, पण त्यातून समोरच्याला काही कळत नाही आणि आपल्यालाही नाही. मग कोणीतरी सल्ला देतं की लिहून काढ, मोकळं वाटेल. आपण वही घेतो आणि तीन पानं भरून तेच लिहितो जे डोक्यात आधीपासून फिरत होतं, तो असा वागला, ती तसं बोलली, माझंच नशीब असं. हात दुखायला लागतो, बाकी सगळं जिथल्या तिथे.

मी इथे सांगतोय ती पद्धत कविता लिहायची आहे, आणि तीसुद्धा मुक्तछंदात नाही, अभंगाच्या साच्यात. नवल वाटेल, कारण सगळे सांगतात की भावना लिहायच्या तर मुक्तछंद बरा, बंधन नको. माझं मत नेमकं उलटं आहे. मुक्तछंदात आपण आपलं पाठ झालेलं गाऱ्हाणंच ओळी तोडून लिहितो, अडवणारं कोणी नसतं. अभंगात सहा अक्षरं झाली की थांबावंच लागतं आणि पुढच्या चरणात यमक जुळवावं लागतं, त्या खटपटीत पाठ केलेलं वाक्य बसत नाही, मग दुसरं काहीतरी शोधावं लागतं, आणि ते दुसरं काहीतरी बऱ्याचदा खरं निघतं. अख्खी पद्धत एवढीच आहे, पण ती करायची कशी ते नीट सांगतो.

आधी एक गोष्ट. लिहिण्याचा उपयोग होतो हे नुसतं ऐकीव नाही. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांनी १९८६ साली एक प्रयोग छापला, त्यात कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं होतं, काहींना आयुष्यातल्या त्रासदायक प्रसंगाबद्दल आणि काहींना किरकोळ विषयांवर. ज्यांनी काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं हे दोन्ही लिहिलं त्यांचा मूड लिहिल्या लिहिल्या खराबच झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या हेल्थ सेंटरच्या चकरा कमी झाल्या. तो प्रयोग गद्य लिखाणाचा होता, कवितेचा नाही, तरी त्यातली एक गोष्ट इथे लागू आहे, लिहून झाल्यावर लगेच हलकं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका, त्या दिवशी जडच वाटू शकतं.

पायरी १: छोटा विषय धरा

"माझं बालपण", "आमचं नातं", "आयुष्य" असले विषय नकोत. गेल्या दोन-तीन दिवसांत जिथे तुम्ही गरजेपेक्षा जास्त चिडलात, किंवा जिथे काहीच कारण नसताना गप्प झालात, तो एक प्रसंग घ्या. गरजेपेक्षा जास्त हे महत्त्वाचं. रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले आणि तुम्ही भांडलात तर त्यात शोधण्यासारखं काही नाही, पण त्यावरून रात्री अकरा वाजेपर्यंत धुमसत राहिलात तर आहे.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ, मी या लेखासाठीच तयार केलंय. समजा तिशीतली एक मुलगी आहे, नोकरी करते, आईवडिलांबरोबर राहते. वडील नुकतेच रिटायर झालेत. दिवसभर घरात फिरून पंखे बंद करतात, गॅस बंद केलास का विचारतात, आणि तिचं डोकं उठतं. मैत्रिणीला सांगताना ती म्हणते, "बाबांचा इतका राग येतो ना हल्ली." आता खरंच राग आहे का, बघू.

वेळ वीस-पंचवीस मिनिटं पुरे. कागद आणि पेन घ्या. मोबाईलवरही चालेल पण मग नेट बंद करा, नाहीतर यमक शोधायला गेलेला माणूस रील बघत बसतो.

पायरी २: भावनेचं नाव न घेता यादी करा

पहिली पाच-सात मिनिटं कविता नाही, नुसती यादी. काय दिसलं, काय ऐकू आलं, कोणी काय धरलं होतं, किती वाजले होते. यात काही शब्दांना बंदी: राग, दुःख, मन, वेदना, एकटेपणा, अश्रू, काळीज, आठवण, नातं. हे शब्द वाईट नाहीत, पण ते लिहिले की आपल्याला वाटतं सांगून झालं. अजून काहीच सांगितलेलं नसतं.

आपल्या उदाहरणातल्या मुलीची यादी अशी होईल: सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून बसतात, कुठे जायचं नसतं तरी. हॉलमधली खिडकीजवळची खुर्ची. पेपर दोनदा वाचतात. पंख्याचं बटण. गॅसचा नॉब चेक करतात, मी स्वयंपाकघरात असताना पण. लाईट बिल. मी निघते तेव्हा दारापाशी येतात.

बघा, शेवटची गोष्ट चिडण्यासारखी नाहीच. तरी ती यादीत आली. अशा गोष्टी खोडू नका, "हे विषयाला धरून नाही" असं वाटलं तरी. यादीत जे आगंतुक वाटतं त्याच्याखाली रेघ मारून ठेवा, पुढे लागतं.

आणि हे काही नवीन तंत्र नाही. तुकाराम महाराजांचा स्वतःबद्दल सांगणारा जो अभंग आहे, 'याती शूद्र' ने सुरू होणारा, त्यात दुष्काळाचं सांगताना ते आधी घडलं ते सांगतात, पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. आणि त्यानंतर भावनेचं नाव येतं ते कुठलं, तर 'लज्जा वाटे जीवा'. लाज. दुःख त्याच्या मागून येतं. आपण बाहेरून अंदाज केला असता तर शोक म्हटलं असतं, फार तर देवावरचा राग म्हटलं असतं, लाज हा शब्द सुचला नसता. घडलेलं आधी मांडलं की भावना आपला नंबर आपणच लावते, तो असा.

पायरी ३: अक्षरं मोजायला शिका

मोठ्या अभंगाचा साचा: चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. एकूण २२. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं, पहिल्याचं जुळलं तर बोनस. 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' हे म्हणून बघा, सगळं त्यात आहे.

मोजायचं अक्षर, मात्रा नाही. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे प्रेम दोन, स्वच्छ दोन, ऑफिस तीन, खुर्चीत तीन. अनुस्वाराचं वेगळं काही नाही. आपण बोलताना 'बसतात' मधला स अर्धाच म्हणतो, पण इथे लिहिल्याप्रमाणे चार अक्षरं धरायची.

मोजायला सगळ्यात सोपं म्हणजे बोटांची पेरं. एका बोटाची तीन पेरं, म्हणजे दोन बोटं झाली की एक चरण. शेवटच्या चरणाला एक बोट आणि वर एक पेर. पाच-दहा मिनिटांत सवय होते. आणि एखादं अक्षर कमी-जास्त झालं तर रडत बसू नका, संतांच्या अभंगातही एखादा चरण सैल सापडतो, गाणारे ओढून-ताणून सांभाळून घेतात. मात्र सुरुवातीला काटेकोर राहा, कारण सगळी मेहनत त्या काटेकोरपणाकडूनच करून घ्यायची आहे.

पायरी ४: पहिलं कडवं टाकून द्यायच्या तयारीने लिहा

पहिलं कडवं बहुतेक वेळा असं येतं:

डोक्याला हा ताप
बाबांचा रोजचा
वैताग घरचा
सोसवेना

मोजून बघा, २२ बरोबर आहेत, यमक आहे, म्हणायलाही बरं वाटतं. आणि तरी यात काहीच नाही. हे मैत्रिणीला सांगितलेलं वाक्यच आहे, फक्त चार ओळींत. बाबांच्या जागी सासूबाई, बॉस, शेजारी, कोणीही बसेल. कुठल्याही माणसाला बसतं ते कडवं खोडायचं, हा माझा नियम.

आता यादीतली एकच गोष्ट उचलून तेवढीच लिहायची:

नऊ वाजताच
शर्ट इस्त्रीचाच
घालून उगाच
बसतात

हे दुसऱ्या कोणाच्या बाबांना बसणार नाही. आणि इथे 'उगाच' कसा आला बघा, वाजताच-इस्त्रीचाच च्या यमकासाठी आला. पण आल्यावर तो टोचतो, कारण त्या एका शब्दात चिडचिड पण आहे आणि कणव पण आहे, कुठली जास्त ते अजून ठरत नाही. ठरवायची घाई नको. पुढे जा:

पंखा बंद करा
गॅस बंद करा
जागता पहारा
चालू त्यांचा

हे जरा गमतीत गेलंय. जाऊ द्या. भावना म्हणजे गंभीरच लिहायचं असं काही नाही, आणि आपण विनोद नेमका कुठे करतो तेही लक्षात ठेवण्यासारखं असतं, पुष्कळदा जिथे टाळायचं असतं तिथेच.

आता ती रेघ मारलेली गोष्ट घ्या, दारापाशी येतात ती.

निघते मी जेव्हा
दारापाशी येती
बॅग हाती देती
नुसतेच

बॅगेचं यादीत नव्हतंच. 'येती' ला यमक हवं होतं, देती, घेती, नेती असे शब्द मनात फिरवताना 'देती' वर अडकलं, मग काय देतात हा प्रश्न आला, आणि उत्तर मिळालं की बॅग देतात. रोज देतात. रोज घडूनही कधी लक्षात आलं नव्हतं. यमकाचा खरा उपयोग हा. ते आपल्याला अशा शब्दाकडे ढकलतं ज्याच्याकडे आपण आपणहून गेलो नसतो. म्हणून यमक अडलं की लगेच सोपा शब्द घालून सुटका करून घेऊ नका, शेजारी पाच-सहा यमकं लिहून काढा आणि प्रत्येकाला विचारा, हे आमच्या घरात घडतं का? अर्थात ओढून आणलेलं यमक आणि सापडलेलं यमक यात फरक असतो. सापडलेल्या यमकातलं चित्र डोळ्यासमोर उभं राहतं, ओढून आणलेलं नुसतं कानाला बरं वाटतं.

पायरी ५: शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घाला

ही पायरी सोडू नका, बाकी कितीही कंटाळा आला तरी. तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी, ही संतांची नाममुद्रा, अभंग कोणाचा ते सांगणारी. आपण तिचा वेगळा उपयोग करून घ्यायचा. इतका वेळ 'मी' म्हणून बोलत होतो, आता स्वतःबद्दल बाहेरून बोलायचं. एथन क्रॉस आणि सहकाऱ्यांचं २०१४ सालचं संशोधन आहे की तणावाच्या प्रसंगी 'मी' ऐवजी स्वतःचं नाव घेऊन मनाशी बोललं तर माणूस जरा लांबून बघू शकतो आणि त्रास कमी होतो. वहीत करून बघा, पटेल.

नाव लांब असेल तर घरचं टोपणनाव वापरा, सहा अक्षरांत बसायला हवं. किंवा नातं वापरा. जनाबाई स्वतःला 'नामयाची जनी' म्हणते, सोयराबाई 'चोखियाची महारी' म्हणते, म्हणजे मुद्रेत नातं घालायची पद्धत जुनीच आहे. आणि नातं वापरलं की एक मजेशीर चाचणी करता येते, तेच कडवं वेगवेगळ्या नात्यांनी सुरू करून बघायचं. लेक म्हणे, ताई म्हणे, बॉस म्हणे, बायको म्हणे. प्रत्येक वेळी पुढचं वाक्य वेगळं येतं. ज्या नात्याने हात थांबला, म्हणजे पुढे लिहू नये असं वाटलं, तेच घ्या.

आपल्या उदाहरणात:

लेक म्हणे राग
त्यांचा नाही येत
दिसते खुर्चीत
मीच मला

येत आणि खुर्चीत हे यमक तसं ढिलं आहे, आणि मुद्दाम तसंच ठेवलंय, कारण घट्ट यमकासाठी हे वाक्य बदलणं म्हणजे मुद्दाच घालवणं. ज्याला ती राग म्हणत होती तो बाबांवरचा राग नव्हता. ऑफिस संपलं की माणसाचं काय उरतं, तिचं स्वतःचं काय उरेल, ही भीती होती, आणि बाबा रोज सकाळी नऊला ती भीती इस्त्री करून तिच्यासमोर मांडत होते.

प्रत्येक वेळी असं काही निघेलच असं नाही. कधीकधी राग हा रागच असतो आणि सहा कडव्यांनंतरही रागच राहतो, तेही कळलेलं बरंच की.

पायरी ६: दुसऱ्या दिवशी वाचा आणि मग नाव द्या

लिहिलं त्याच दिवशी अर्थ लावू नका. रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा, खोलीचं दार लावून का होईना पण मोठ्याने, आणि तीन गोष्टी बघा. कुठली ओळ लिहायचं आधी ठरवलं नव्हतं? कुठली वाचताना आवाज बदलतो किंवा पटकन पुढे जावंसं वाटतं? आणि कुठली ओळ दुसऱ्या कोणाला दाखवायला नको वाटते?

मग त्या ओळींच्या समोर भावनेचं नाव लिहा. आता बंदी उठली. फक्त 'वाईट वाटलं' वर थांबू नका, मराठीत माल भरपूर आहे: चीड, त्रागा, रुसवा, हिरमोड, हुरहूर, घालमेल, खंत, सल, असूया, ओशाळलेपण, धास्ती, कणव, उबग. दोन नावं एकदम लागू पडली तर दोन्ही लिहा, धास्ती आणि कणव एकाच ओळीत मजेत राहतात. नाव दिल्याने काय होतं याचाही अभ्यास झालाय, मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया कमी होते. तिथे भावना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची होती, आपली नव्हती, त्यामुळे फार ताणायला नको, पण दिशा तीच.

नाव सापडलं की बहुतेक वेळा एखादं छोटं काम पण सापडतं. त्या मुलीला बाबांशी "सारखं टोकू नका" यावर भांडायची गरज उरत नाही, तिला कदाचित त्यांना विचारावंसं वाटेल की सकाळी नऊला काय वाटतं हो. किंवा नोकरीशिवाय आपल्याला काय आवडतं याची यादी करावीशी वाटेल. काहीच करावंसं वाटलं नाही तरी चालेल.

ज्याच्याशी बोलता येत नाही त्याच्यासाठी ओवी

कधी प्रश्न भावना कळत नाही हा नसतो, कळते पण सांगायची कोणाला हा असतो. तिथे अभंगापेक्षा ओवी कामाची. जात्यावर पहाटे दळताना बायका सासरचं, नवऱ्याचं, भावाने विचारपूस केली नाही त्याचं, सगळं ओवीत घालत होत्या, कधी सईला सांगून, कधी जात्यालाच सांगून. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आज पारी या वेबसाईटच्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. एकदा ऐकाच, त्या बायका किती स्पष्ट बोलतात ते.

ओवीत अक्षरांची कटकट कमी, दोन लांब ओळी आणि शेवटी यमक. महत्त्वाचं म्हणजे कोणाला तरी उद्देशून म्हणायची, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला नाही, तिसऱ्यालाच. जातं नाही म्हणून अडत नाही, रोज ज्याच्यासमोर गप्प उभे राहतो अशी वस्तू धरा:

पहिली माझी ओवी, लिफ्टमधल्या आरशाला
हसून दाखवायचं, उरलंय कशाला

अशा चार-पाच सलग म्हणा, पहिली, दुसरी, तिसरी अशा नंबरने. साधारण तिसऱ्या-चौथ्या ओवीला तक्रार संपते आणि मागणी सुरू होते, म्हणजे आपल्याला नक्की काय हवं होतं ते बाहेर येतं.

काही गोष्टी ज्या मुळीच करायच्या नाहीत

लिहिलं की लगेच ग्रुपवर टाकू नका. "वाह", "अप्रतिम", "काळजाला भिडलं" असे चार रिप्लाय आले की पुढच्या वेळी तुम्ही त्या रिप्लायसाठी लिहाल, आणि कोणीच काही बोललं नाही तर मूळ दुखणं राहिलं बाजूला, नवीनच दुखणं सुरू. कवी व्हायचं असेल तर जरूर व्हा, पण ती वही वेगळी ठेवा.

एखाद्या अॅपकडून कडवं करून घेऊ नका. इथे कडवं हवंच आहे कुणाला, ते करताना जी अडखळ होते ती हवी आहे.

एकाच विषयावर रोज तेच लिहिलं जातंय, कडवी वाढतायत पण नवीन काही येत नाही, असं झालं तर तो विषय बंद करा, निदान आठ-पंधरा दिवस. त्याला उगाळणं म्हणतात, त्याने आणखी खोल जातो आपण. आणि लिहिताना श्वास कोंडला, हातपाय गार पडले, जुना एखादा प्रसंग अंगावर येतोय असं वाटलं तर पेन खाली ठेवा, उठा, पाणी प्या, कोणाशी तरी बोला. सगळ्या गोष्टी एकट्याने वहीत सोडवायच्या नसतात. जगायलाच नको असे विचार येत असतील तर त्या दिवशी अभंग वगैरे काही नाही, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे १४४१६, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

राहिला वहीचा प्रश्न. घरात आपलं म्हणून एक कपाट नसतं हे मला माहितेय, आणि कोणी वाचेल ही भीती असेल तर माणूस खरं लिहीतच नाही. मग सुट्या कागदावर लिहा, दुसऱ्या दिवशी वाचा, सापडलेलं नाव तेवढं तारखेसकट मोबाईलमध्ये नोंदवून ठेवा आणि कागद फाडून टाका. वर्षभराने ती नावांची यादी नुसती वाचली तरी कुठला महिना कशात गेला ते कळतं.